कंपनीतले येडे नियम आणि वरच्या साहेबांचे निर्णय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या टाइम ऑफिसात मी १९ वर्षं काढली. हजेरी, ओव्हरटाइम (ओटी), गेटपास आणि नोटीस बोर्डावर लागणारं प्रत्येक सर्क्युलर टाइप करणं हे माझं काम. नोकरी सोडून दोन वर्षं झाली तरी लोकांचे मेसेज थांबत नाहीत, अवधान, नरडाणा, भुसावळ, शिरपूर, कुठून कुठून येतात, आणि प्रश्न तेच तेच, म्हणून एकदाच बसून लिहितोय. मी वकील नाही भो, प्रकरण पेटलेलं असेल तर वकिलाकडेच जा. आणि कंपन्यांची नावं विचारू नका, माझीही नाही आणि तुमचीही मी लिहिणार नाही.

१. कडक नियम आणि येडा नियम यात फरक कसा ओळखायचा?

नियमाचं कारण तुमच्या जवळच्या सुपरवायझरला विचारा. त्याला एका वाक्यात सांगता आलं तर नियम कडक आहे, आणि "वरून आलंय" एवढंच उत्तर मिळालं तर बहुतेक येडा आहे. दाल मिलमध्ये काडीपेटी आणू नका, जिनिंगमध्ये बिडी ओढू नका, याला कोणी येडं म्हणणार नाही, कापसाच्या गंजीला ठिणगी लागली की काय होतं ते आपल्याकडे पोरासोरालाही माहिती आहे. चटई प्लांटमध्ये मशीनजवळ चप्पल नको, सेफ्टी बूटच पाहिजे, हेही बरोबर. पण तोच बुटाचा नियम अकाउंट्समध्ये बसणाऱ्या मुलीला लावून तिला गेटवरून परत पाठवलं की तो येडा झाला. म्हणजे नियम तोच असतो, जागा चुकते.

२. असे नियम निघतात तरी कुठून? कोणाच्या डोक्यातून?

बहुतेक वेळा एका माणसाने एकदा काहीतरी केलेलं असतं आणि त्या एकाला समोर बसवून बोलायची कोणाची हिंमत नसते, म्हणून सगळ्यांसाठी सर्क्युलर निघतं.

आमच्याकडे स्टोअरमधल्या एका पोराने पॅकिंग टेपचे काही रोल घरी नेले. चाळीस-पन्नास रुपयांचा एक रोल. पोरगा सगळ्यांना माहीत होता, साहेबांनाही. पण त्याला कोणी काही बोललं नाही, उलट नियम आला की यापुढे टेपच्या प्रत्येक रोलला तीन सह्या लागतील, आणि तिसरी सही ज्यांची ते साहेब प्लांटला फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी यायचे. पुढे काय झालं असेल सांगायला नको. एका बुधवारी टेप संपला, माल तयार, ट्रक गेटवर उभा, ड्रायव्हर शुक्रवारपर्यंत चटई टाकून ट्रकखाली झोपला, आणि त्याचे दोन दिवसांचे होल्टिंगचे पैसे कंपनीने भरले. त्या पैशात टेपचं अख्खं खोकं आलं असतं. बरं, पोरगा तिथेच होता, तो इंडेंट बुकाची फाइल घेऊन सह्यांसाठी फिरायचा.

३. टॉयलेटला जायला टोकन घ्यावं लागतं. असं करता येतं का?

नाही. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात कलम १९ मध्ये स्वच्छतागृहाबद्दल स्पष्ट होतं की कामगार कारखान्यात आहे तोवर त्याला कधीही जाता आलं पाहिजे. "कधीही" म्हणजे टोकन रिकामं झाल्यावर नाही.

आमच्याकडे हा प्रकार आठ महिने चालला. प्लायवूडची पाटी, तिला चार खिळे, चार खिळ्यांना चार पितळी बिल्ले, आणि पॅकिंगला माणसं ६२. बिल्ला घेतला की वहीत वेळ लिहायची, आल्यावर परत लिहायची. महिना संपला की ती वही मी एक्सेलमध्ये भरायचो आणि कोणाचा टाइम जास्त त्याचा रिपोर्ट जायचा. हो, मीच भरायचो. यात सगळ्यात वाईट काय झालं तर बायांनी पाणी पिणं कमी केलं. एप्रिल-मे आपल्याकडचा, पारा ४४-४५ ला, पत्र्याचा शेड, आणि बाया दुपारपर्यंत एक घोट पाणी घ्यायच्या नाहीत, का तर बिल्ला मागायला पुरुष सुपरवायझरसमोर हात पसरावा लागतो. एकीला चक्कर आली तेव्हा रिपोर्टमध्ये "नाश्ता न केल्यामुळे" असं लिहिलं गेलं.

नियम गेला कसा तर बाहेरच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाचं ऑडिट लागलं. आदल्या संध्याकाळी पाटी काढून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवायला सांगितली, ऑडिटवाले आले, चहा-फाफडा झाला, गेले, आणि पाटी परत लावा असं कोणी म्हणालंच नाही. मीही आठवण केली नाही.

४. मशीनवर थम उमटत नाही आणि गैरहजेरी लागते. काय करावं?

हे फार कॉमन आहे. पाइप, चटई, जिनिंग, मिरचीचं काम, ज्यांचं हाताचं काम आहे त्यांची बोटं घासून गुळगुळीत होतात, मशीनला रेषाच सापडत नाहीत. लोक बोट केसातून फिरवतात, कपाळावर घासतात, थोडं तेल लागलं की कधी कधी घेतं. ज्याची बोटं सगळ्यात जास्त झिजलेली त्याचीच जास्त गैरहजेरी, असला उलटा हिशोब आहे हा.

करायचं एवढंच, थम नाही लागला तर त्याच दिवशी मिस पंचची स्लिप लिहून सुपरवायझरची सही घ्या आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, महिनाअखेरीला कोणालाच काही आठवत नाही. चेहरा ओळखणारं मशीन किंवा कार्ड मागा, लेखी मागा. पगार कापलाच तर पुढचा प्रश्न वाचा.

५. "तीन वेळा लेट म्हणजे हाफ डे कट." हे बरोबर आहे का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. गैरहजेरीची कपात जेवढा वेळ गैरहजर तेवढ्याचीच होऊ शकते, त्याहून जास्त प्रमाणात नाही. हे जुन्या १९३६ च्या वेतन कायद्यात होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ज्या चार श्रमसंहिता लागू झाल्या त्यातल्या वेतन संहितेतही आहे.

हिशोब करून बघा. पगार १५,००० धरा, २६ दिवस, ८ तास. दिवसाचे साधारण ५७७ रुपये, तासाचे ७२, दहा मिनिटांचे १२. तीन दिवस दहा-दहा मिनिटं उशीर झाला तर होतात ३६ रुपये. हाफ डे म्हणजे २८८. मधले २५२ रुपये कशाचे?

कंपनी म्हणेल तो दंड आहे. ठीक, पण दंडालाही नियम आहेत. कोणत्या गोष्टींना दंड लागेल त्याची यादी सरकारकडून मंजूर करून बोर्डावर लावलेली पाहिजे, दंडाआधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यायला पाहिजे, एका पगाराच्या काळात सगळा दंड मिळून ३ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही (१५,००० ला ४५०), हप्त्याहप्त्याने कापता येत नाही, ९० दिवसांनंतर वसूल करता येत नाही, आणि जमलेला पैसा कामगारांच्याच भल्यासाठी वापरायचा असतो. तुमच्या इथे दंडाचं रजिस्टर कुठे आहे ते एकदा सहज विचारून बघा, चेहरे बघण्यासारखे होतात.

अप-डाउनवाल्यांसाठी वेगळं सांगतो. चाळीसगाव, पाचोरा, भुसावळकडून गाडीने येणाऱ्यांना गाडी लेट झाली तर कंपनीला घेणंदेणं नसतं, कायद्यानेही नाही. पण नऊचं शिफ्ट सव्वानऊ करून संध्याकाळी पंधरा मिनिटं वाढवून घेणं हे कुठल्याही शहाण्या मॅनेजरला जमतं. ज्याने टाइमटेबल फक्त हेड ऑफिसच्या स्क्रीनवर बघितलंय त्याला जमत नाही.

६. हेड ऑफिसच्या सुट्ट्यांच्या यादीत आखाजी (अक्षय्य तृतीया) नाही, कानबाई नाही. मागता येते का?

येते, पण वेळेवर मागावी लागते. दुकानं-ऑफिसांना लागणाऱ्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यात वर्षाला ८ भरपगारी सुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ठरलेल्या, आणि बाकीच्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू व्हायच्या आधी आपसात ठरवायच्या. म्हणजे डिसेंबरात बोला, श्रावणात बोलून उपयोग नाही.

कानबाईचं गणित बाहेरच्या माणसाला समजवणं म्हणजे काय असतं ते मी भोगलंय. आपली खानदेशची देवी, नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते, रात्रभर जागरण, सोमवारी सकाळी वाजतगाजत विसर्जन, मग घरोघरी रोट. सोमवारी कोण कामावर येणार? एका वर्षी एका सेक्शनला ४० पैकी ३१ गैरहजर. नवीन आलेले साहेब बाहेरचे, त्यांनी रजेचे अर्ज चाळले, सगळ्यांवर कारण एकच, कानबाई. मला केबिनमध्ये बोलावून अगदी सिरियसली विचारलं, "या कानबाई कोण आहेत? कोणत्या डिपार्टमेंटला? एका बाईसाठी एवढ्या लोकांनी रजा का टाकली?" मी हसू दाबत सांगितलं, पण तोवर ३१ शो-कॉज (कारणे दाखवा) टाइप करायचा आदेश निघालेला होता आणि मी ते टाइप केले. पुढच्या वर्षी एका पेठेतल्या जुन्या फोरमनने आधीच जाऊन सांगितलं, सोमवार द्या, आम्ही कानबाईच्या आधीच्या आठवड्यातल्या रविवारी भरून देतो. झालं. पाच मिनिटांचं काम होतं.

७. मग सुट्टी नाही दिली तर आम्ही सगळे मिळून दांडी मारली तर चालेल का?

इथे सांभाळा, इथे लोक फसतात. दहा किंवा जास्त जण ठरवून, नोटीस न देता, योग्य कारणाशिवाय गैरहजर राहिले तर प्रश्न ५ मधला "जेवढी गैरहजेरी तेवढीच कपात" हा नियम त्यांना लागत नाही, करारात तशी अट असेल तर आठ दिवसांपर्यंतचा पगार जाऊ शकतो. आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेत निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तो संपच धरला जातो, आणि संपाला १४ दिवस आधी नोटीस लागते. म्हणजे ४० पैकी ३१. बघा, कानबाईच्या सोमवारी आमचा सेक्शन कुठे पोचला असता. आमचे अर्ज वेगवेगळे होते आणि कारण देवीचं होतं, म्हणून वाद घालता आला असता, पण घालत बसायची वेळच कशाला आणायची.

८. मे महिन्यात टाय आणि फुल बाह्या कंपल्सरी आहेत. नकार देता येतो का?

ड्रेस कोड ठरवायचा अधिकार कंपनीला आहे, त्यामुळे सरळ नकार दिला तर तुम्हीच अडकाल. पण लेखी विनंती करा आणि त्यात तापमान लिहा. भुसावळचा मे महिना ४५ च्या पुढे जातो, हे मुंबईच्या एसीत बसलेल्याला आकड्यात सांगितल्याशिवाय कळत नाही. माझ्या ओळखीचा एक पोरगा फायनान्स कंपनीत वसुलीला होता, सावदा, रावेर, मुक्ताईनगर अशी बाइकवर फिरती, टाय लावलेला सेल्फी रोज दहाला ग्रुपवर टाकायचा. गाडीच्या डिकीत टाय बांधूनच ठेवलेला असायचा, गाठ न सोडता. सेल्फीपुरता गळ्यात, मग डिकीत, मग डोक्याला उपरणं. साहेब खुश.

९. सरकारी नोकरीत असलं काही नसतं ना?

हाहा. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने मंत्रालय आणि सरकारी ऑफिसांसाठी पेहरावाचं परिपत्रक काढलं, जीन्स-टीशर्ट नको, स्लीपर नको, शुक्रवारी खादी वापरा. मग काही महिन्यांतच जीन्सवरची बंदी मागे घेतली. मार्च २०२४ मध्ये शिक्षकांसाठी आलं, त्यातही जीन्स-टीशर्ट नको, आणि वर शिक्षकांनी नावाआधी इंग्रजीत "टीआर" आणि मराठीत "टि" लावावं. डॉक्टर लावतात तसं. आता सातपुड्याच्या डोंगरात धडगावकडे ज्या गुरुजींना शाळेपर्यंत पोचायला अर्धा रस्ता पायी जावं लागतं, त्यांच्या नावाआधी टि लागल्याने काय फरक पडला ते त्यांनाच विचारा.

१०. दुकानात दिवसभर उभं ठेवतात, गिऱ्हाईक नसलं तरी बसू देत नाहीत.

सराफ बाजार आणि कापड दुकानांमधून, खासकरून मुलींकडून येणारा प्रश्न. केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायची सोय द्यायचा कायदा केला. कारखान्यांसाठी तर १९४८ च्या कायद्यात कलम ४४ होतंच, उभ्याने काम करणाऱ्यांना संधी मिळेल तेव्हा टेकायला जागा पाहिजे. मालकाला कायदा दाखवण्याआधी एकदा एवढंच विचारा, की आखाजीला सोनं घ्यायला आलेली म्हातारी आपल्याकडे बसून घेते, मग दाखवणारी उभी राहून पाय सुजवून घेते, यात दुकानाचा काय रुबाब वाढतो.

११. ७० तास, ९० तास काम करा म्हणतात. आमचे साहेब पण तेच ऐकवतात. करावंच लागेल का?

इन्फोसिसचे नारायण मूर्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये ७० तास म्हणाले, मग एल अँड टीच्या अध्यक्षांचं ९० तासांचं बोलणं जानेवारी २०२५ मध्ये बाहेर आलं, रविवारी घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार वगैरे. तेव्हापासून प्रत्येक छोट्या-मोठ्या मॅनेजरला जोर आलाय. ९० तास सात दिवसांत वाटले तरी रोजचे १२ तास ५१ मिनिटं होतात, रविवार धरून. कायद्यात आठवड्याचे ४८ तास आहेत, त्यावरच्या कामाचे पैसे डबल. तुमच्या साहेबांना म्हणा चालेल, ४२ तासांची डबल ओटी लावा. विषय तिथेच संपतो.

पोटप्रश्न: "माझा हुद्दा असिस्टंट मॅनेजर आहे, मला ओटी नाही म्हणतात." हुद्द्याला काही अर्थ नसतो, प्रत्यक्ष काम काय करता ते बघितलं जातं. व्हिजिटिंग कार्डावर मॅनेजर आणि दिवसभर खोकी मोजणं, असे कितीतरी आहेत. मात्र खरोखर माणसं सांभाळत असाल, रजा मंजूर करत असाल, तर ओटीचा दावा टिकणं अवघड.

१२. रात्री अकराला ग्रुपवर मेसेज येतो आणि "ओके सर" टाकलं नाही तर सकाळी झाप पडते.

फ्रान्समध्ये २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क आहे. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळेंनी २०१८ मध्ये लोकसभेत खाजगी विधेयक मांडलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळे सध्या तरी ग्रुप म्यूट करणं हाच उपाय, आणि सकाळी नऊला पहिलं काम म्हणून "ओके सर". रोज नऊलाच टाका, महिनाभरात सवय होते. त्यांना.

१३. ओरिजनल मार्कशीट जमा करून घेतल्यात, बाँडही लिहून घेतलाय. सोडता येईल का?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओरिजनल दाखवायची, झेरॉक्स द्यायची, ओरिजनल लगेच परत घ्यायची. दिली असेल तर पोच मागा, पोच नसेल तर व्हॉट्सॲपवर "सर माझी मार्कशीट तुमच्याकडे जमा आहे, कधी मिळेल" एवढा मेसेज टाका, उत्तर आलं की तीच पोच.

बाँड सरसकट बेकायदेशीर असतो असं लोक छातीठोक सांगतात ते खरं नाही. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा बाँड योग्य धरला. पण तिथे मोठी भरती प्रक्रिया होती, अधिकाऱ्याची पोस्ट होती. बारा हजार पगार, ट्रेनिंग म्हणजे पहिल्या दिवशी दाखवलेला मशीनचा लाल-हिरवा खटका, आणि बाँड एक लाखाचा, हे कोर्टात टिकवणं कंपनीला जड जाईल. नोकरी सोडल्यावर हिशोब दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो, हे नव्या वेतन संहितेत आहे.

१४. मतदानाच्या दिवशी अर्धा दिवसच सुटी देतात.

लोकसभा-विधानसभेला भरपगारी सुटी आहे, १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १३५ ब. ज्या कामात माणूस नसला तर धोका किंवा मोठं नुकसान होईल तेवढं वगळून. दंड जास्तीत जास्त ५०० रुपये आहे, म्हणून मालक घाबरत नाहीत, हेही खरं.

१५. दर महिन्याला दोन सूचना लिहून द्यायची सक्ती आहे. काय लिहू?

खरं तेच लिहा, पण कोणी वाचेल अशी आशा ठेवू नका. आमच्याकडे एक सल्लागार आला, तो फोर व्हीलरमधून उतरल्यापासून जपान सोडून बोलला नाही, आणि जाताना प्रत्येक कामगाराने महिन्याला दोन सूचना असा टार्गेट लावून गेला. गुडहार्ट नावाच्या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्येच मांडून ठेवलंय की एखाद्या आकड्यालाच टार्गेट केलं की तो आकडा मोजमापाच्या कामाचा राहत नाही. आमच्या पेटीत ते रोज दिसायचं. पंखा पुसा, फरशी पुसा, पंखा परत पुसा. एका महिन्यात लेडीज टॉयलेटच्या दाराला कडी बसवा अशा ११ चिठ्ठ्या मी मोजल्या. त्या महिन्याचं बक्षीस मिळालं "सूचना पेटीला रंग द्यावा" या सूचनेला. पेटी रंगली, निळी. कडी पुढच्या दिवाळीत एका फिटरने आपल्या मनानेच बसवून टाकली.

१६. तक्रार कुठे करायची?

जळगाव, धुळ्याला सहायक कामगार आयुक्तांचं ऑफिस आहे, पगार, कपात, सुट्ट्या तिथे. टॉयलेट, पाणी, मशीनची सुरक्षा यासाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, ज्याला आपण अजून फॅक्टरी इन्स्पेक्टरच म्हणतो. जाण्याआधी नियमाचा फोटो काढा. तोंडी नियम असेल तर "सर, एवढं बोर्डावर लावाल का" असं विचारा, निम्मे नियम लेखी मागितल्यावरच गळतात, कारण सही करायला कोणी तयार नसतं.

१७. तुम्हीच तर हे सगळं टाइप करायचे ना? तेव्हा का नाही बोललात?

हा प्रश्न दर आठवड्याला येतो, कधी प्रेमाने, कधी शिवी घालून. पोरीचं इंजिनिअरिंग चालू होतं, घराचं कर्ज होतं, नाही बोललो. बिल्ल्यांची वही मी भरली, कानबाईचे शो-कॉज मी टाइप केले.

एक मात्र सांगतो. एका हिवाळ्यात कॅन्टीनला बामणोदच्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी असे डबे यायला लागले, तेलात तळलेल्या मिरचीचा आणि लसणाचा वास वरच्या मजल्यावर गेला, आणि पाहुणे यायचे म्हणून साहेबांनी डब्यात भरीत आणायला बंदी घातली. मसुदा तोंडी सांगितला, मी टाइप केला, साहेबांनी सही केली, बोर्डावर लागला. चार दिवसांनी पॅकिंगच्या एका मावशींनी मला बोर्डासमोर उभं करून तारखेवर बोट ठेवलं. "सदर नियम दिनांक ३१ नोव्हेंबरपासून लागू राहील." आईशप्पथ चुकून झालं होतं. मी दुरुस्त करायला निघालो तर मावशी म्हणाल्या, राहू द्या ना भाऊ, अजून लागू व्हायचाय. कागद फेब्रुवारीपर्यंत बोर्डावर होता आणि भरीत रोज येत होतं.